लिंबाची सावली

लिंबाचे चित्र काढावयास सांगितले, की बहुतेक मुले एक वाटोळी आकृती काढतात आणि तीत पिवळा रंग भरतात. ते लिंबू आहे हे पाहणाऱ्यास कळते; परंतु ते उचलून हाती घ्यावे असे वाटत नाही. समोरचे लिंबू मुलाने पाहिलेलेच नसते. ‘लिंबू पिवळे असते’ ही आपली माहिती तेवढी त्याने कागदावर उतरविलेली असते.

म्हणून जाणते शिक्षक प्रथम रंगपेटी बाजूला ठेवावयास सांगतात. खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर लिंबू मांडून मुलांना ते डोळे बारीक करून पाहावयास लावतात. असे पाहिले, की सालीवरील बारीकसारीक तपशील पुसट होतात व उजेड आणि अंधार तेवढे उरतात. खिडकीच्या बाजूस चकाकीचा एक ठिपका, त्याभोवती उजळ भाग, मग मध्यम छटा, आणि पलीकडे छाया. गंमत अशी, की सर्वांत गडद भाग अगदी कडेला नसतो. कडेपाशी लिंबू पुन्हा किंचित उजळते; खालच्या कागदावर पडलेला प्रकाश उलटून तेथे पोचलेला असतो. हा अंधुक उजेड ज्याला दिसला, त्याच्या पेन्सिलीतून गोलाई उतरलीच म्हणावयाची. लिंबाखालची पडछाया राहून गेली, तर मात्र लिंबू हवेत तरंगू लागते.

यानंतर रंग. छाया म्हणजे काळा रंग, अशी मुलांची समजूत असते. पण पिवळ्यात काळा मिसळला, की शेवाळी रंग होतो आणि लिंबू नासल्यासारखे दिसते. पिवळ्याचा विरोधी रंग जांभळा. त्याचा अगदी थोडा अंश घातला, तर पिवळा रंग न मरता मंदावतो. फ्रान्समधील चित्रकार पॉल सेझान (१८३९–१९०६) यांनी सफरचंदांची चित्रे वर्षानुवर्षे काढली. फळाची गोलाई दाखविताना केवळ गडदपणावर न थांबता त्यांनी उष्ण व शीत रंग शेजारी शेजारी मांडले. जलरंगात चकाकीसाठी तेवढा कागद कोरा सोडतात.

सर्वांत कठीण उकडीचा मोदक. पांढऱ्या वस्तूला रंग कोणता द्यावा? केळीच्या पानावरील मोदक न्याहाळला, तर त्याच्या प्रत्येक कळीची एक बाजू उजळ व दुसरी निळसर करडी दिसते, आणि तळाशी पानाचा हिरवा रंग फिकट उतरलेला असतो. तो हिरवा रंग पांढऱ्या मोदकात घालावयास मुलाचा हात सहसा धजत नाही. ज्याचा धजला, तो पाहावयास शिकला. मोदक निवण्याच्या आत मात्र चित्र पुरे होत नाही, आणि तोवर तो पानावर राहील याची खात्री शिक्षकांनाही नसते.