मोजणाऱ्याचे पैसे कोण देतो?

२०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या शंभर औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. गुण जितके जास्त, तितकी तिथली हवा, पाणी आणि जमीन खराब. या यादीत ९३.६९ गुण घेऊन पालघर जिल्ह्यातले तारापूर देशात पहिले आले. २००९ च्या मोजणीतही तारापूर अतिप्रदूषित पट्ट्यांमध्येच होते. मधली नऊ वर्षे इथे देखरेख करणारे कोणी नव्हते, असे मुळीच नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय होते, एमआयडीसी होती, सांडपाणी शुद्ध करणारे सामायिक केंद्र होते, पाण्याचे नमुने घेतले जात होते आणि नोटिसाही निघत होत्या.

मग हे झाले कसे? शिरगाव, सातपाटी, मुरबे, नवापूर, आलेवाडी, दांडी, उच्छेळी या किनाऱ्यावरच्या गावांत या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा एका शब्दात मिळते: पैसा. टेबलाखालून दिलेले पाकीट कधी पकडले जाते, कधी नाही. त्याहून मोठा आणि पूर्णपणे कायदेशीर असा एक पैसा आहे, आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच पैशावर नजर ठेवणारा चालतो, अशी व्यवस्था आपण जागोजागी उभी केली आहे. पालघर जिल्ह्यात ती फार स्पष्ट दिसते.

सुरुवात सांडपाण्यापासून करू. बोईसरलगतच्या तारापूर एमआयडीसीत हजाराहून अधिक कारखाने आहेत. रसायने, औषधे, रंग, कापड आणि पोलाद असे नाना प्रकार. लहान कारखान्याला स्वतःचे मोठे शुद्धीकरण यंत्र परवडत नाही, म्हणून सर्वांचे सांडपाणी एकत्र आणून शुद्ध करण्यासाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असते. लोक त्याला सीईटीपी म्हणतात. तारापूरच्या जुन्या केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर होती आणि येणारे पाणी त्याहून पुष्कळ जास्त होते. जास्तीचे पाणी अर्धवट शुद्ध होऊन किंवा तसेच नाल्यांतून खाडीत आणि नवापूरच्या समुद्रात जाई. हे केंद्र चालवायला कारखान्यांचीच संस्था होती, तारापूर एन्व्हायर्न्मेंट प्रोटेक्शन सोसायटी. सांडपाणी सोडणारे सभासद, शुद्धीकरणाची वर्गणी देणारे सभासद आणि केंद्राचा कारभार पाहणारेही सभासदच. एखाद्या सभासदाने ठरल्यापेक्षा जास्त आम्लयुक्त पाणी सोडले, तर त्याला अडवायचे ते त्याच्याच शेजाऱ्याने.

केंद्रावर देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. १९७० साली स्थापन झालेले हे मंडळ कारखान्यांना संमतीपत्र देते आणि त्यासाठी शुल्क घेते. कारखान्यातली भांडवली गुंतवणूक जितकी मोठी, तितके शुल्क जास्त. मंडळाच्या उत्पन्नाचा मोठा भाग या शुल्कातून येतो. यात बेकायदा काही नाही. प्रदूषण करणाऱ्याने देखरेखीचा खर्च द्यावा, हे तत्त्वही चांगलेच आहे. मंडळात प्रामाणिक अधिकारी आहेत, त्यांनी कारखान्यांचे वीज-पाणी तोडलेले आहे, हेही सांगितले पाहिजे. तरीही ज्या यंत्रणेचा संसार उद्योगांच्या शुल्कावर चालतो, तिचे प्रत्येक कागदपत्र इतर कुठल्याही कार्यालयापेक्षा जास्त उघडे असायला हवे. प्रत्यक्षात कारखाना बंद करण्याची नोटीस वर्तमानपत्रात येते आणि काही दिवसांनी तो कोणत्या अटीवर पुन्हा सुरू झाला, हे गावाला कळत नाही. बँक हमी किती घेतली, किती जप्त केली, जप्त केलेले पैसे कुठे गेले, हेही कळत नाही.

हा हिशेब अखेर मच्छीमारांनी मागितला. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. खाडीतली मासळी संपत चालली आहे, जाळ्यात रसायनांचा वास येतो आणि याला जबाबदार कोण ते ठरवा, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. सप्टेंबर २०१९ मध्ये लवादाने केंद्र चालवणाऱ्या संस्थेला आणि उद्योगांना दोषी धरून रक्कम भरायला सांगितली आणि नुकसान मोजायला तज्ज्ञ समिती नेमली. समितीने २०२० मध्ये मांडलेला आकडा सुमारे १६० कोटी रुपयांचा होता आणि तो शंभराहून अधिक कारखान्यांमध्ये वाटलेला होता. जानेवारी २०२२ मध्ये लवादाचा सविस्तर निकाल आला. उद्योगांनी त्याला वरच्या न्यायालयात आव्हान दिले. दरम्यान ५० दशलक्ष लिटरचे नवे केंद्रही उभे राहिले.

या खटल्यातून दोन गोष्टी हाती लागल्या. पहिली म्हणजे, मोजणारा स्वतंत्र असला की आकडा बदलतो. इतकी वर्षे जे नुकसान कुठल्याच वहीत नव्हते, ते बाहेरची माणसे आल्यावर कोटींत मोजता आले. दुसरी अजून अपुरी आहे. दंडाच्या रकमेतून किनाऱ्यासाठी काय होणार, कुठली खाडी साफ होणार, कोणत्या गावाला काय मिळणार, हे ठरवणाऱ्या टेबलावर मांगेला, वैती या मच्छीमार समाजांचे किंवा आदिवासी समाजाचे कोणी असलेच पाहिजे, अशी सक्ती नाही. नुकसान ज्यांचे, भरपाईचा हिशेब त्यांच्यासमोर मांडला गेलाच पाहिजे.

हीच रचना आता मोठ्या आकड्यांसह किनाऱ्यावर येते आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. मुरब्याला, म्हणजे सातपाटी-शिरगावच्या अगदी उंबऱ्याशी, सुमारे सव्वाचार हजार कोटींचे खासगी बंदर प्रस्तावित आहे. अशा प्रकल्पांआधी पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा अहवाल लागतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तो मान्यताप्राप्त सल्लागार कंपनीने करायचा असतो. या सल्लागाराची निवड करतो प्रकल्पवाला आणि बिलही चुकवतो तोच. बंदराने मासेमारीवर फार परिणाम होणार नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्या सल्लागाराला पुढचे काम मिळण्याची शक्यता जास्त, हे समजायला कोणाला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

त्या अहवालाची एकमेव जाहीर परीक्षा म्हणजे जनसुनावणी. किमान तीस दिवस आधी सूचना, अहवालाचा स्थानिक भाषेतला सारांश, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीचे अध्यक्षपद, संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण आणि स्थानिक भाषेतले इतिवृत्त, हे सगळे नियमात लिहिलेले आहे. वाढवणची जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी पालघरमध्ये झाली. जनसुनावणीत घोषणा देणारे पुष्कळ असतात आणि त्यांचा राग खरा असतो. पण अहवालातले नेमके पान उघडून 'हे मोजमाप कोणत्या महिन्यात केले, पावसाळ्यात का नाही?' असे विचारणाऱ्याला उत्तर देणे आणि ते इतिवृत्तात नोंदवणे बंधनकारक ठरते. अशी माणसे गावोगाव तयार व्हायला हवीत.

पालघर जिल्ह्यातच याच्या उलट उदाहरणही आहे, आणि त्याची आठवण ठेवायला हवी. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. ते अखेरपर्यंत, म्हणजे २०१९ मधील निधनापर्यंत, अध्यक्ष राहिले. हे प्राधिकरण कोणा कारखान्याच्या शुल्कावर जगत नव्हते. १९९८ मध्ये त्याने वाढवणच्या तेव्हाच्या प्रस्तावित बंदराला नकार दिला. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राने धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश त्याने १९९९ मध्ये दिला. कंपनीने बरीच टाळाटाळ केली, प्रकरण न्यायालयांत गेले, कंपनीला कोट्यवधींची बँक हमी द्यावी लागली आणि २००७ मध्ये ती यंत्रणा बसली. देशातल्या बहुतेक वीज केंद्रांत अशी यंत्रणा नव्हती, तेव्हा डहाणूत ती होती. चिकूच्या बागा असलेल्या एका तालुक्याने हे करून दाखवले. नंतर प्राधिकरणाची रचना बदलली आणि जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवणला ना-हरकत दिली. दोन्ही निर्णय कोणत्या कागदांवर झाले, ते शेजारी ठेवून वाचण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

कागद झाकले गेले की काय होते, ते जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला दिसले. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या सुमारे ६० एकर जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. खोटी कागदपत्रे दाखवून घरे विकली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. मे महिन्यात सक्तवसुली संचालनालयाने छापे घातले आणि वसई-विरार महापालिकेच्या नगररचना विभागातील अधिकाऱ्यासह अनेक ठिकाणांहून सुमारे नऊ कोटींची रोकड आणि तेवीस कोटींचे दागिने जप्त केल्याचे सांगितले. बांधकाम परवानगीसाठी आयुक्तांचा दर चौरस फुटाला २० ते २५ रुपये होता, असा संचालनालयाचा आरोप आहे. ऑगस्टमध्ये माजी आयुक्तांना अटक झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवली. आरोप अजून सिद्ध व्हायचे आहेत. पण त्या जागेचे आरक्षण विकास आराखड्यात छापलेले होते. प्रत्येक इमारतीच्या फाटकावर परवानगीचा क्रमांक आणि आराखड्यातली नोंद लावायची सक्ती पाळली गेली असती, तर कर्ज काढून घर घेणाऱ्या माणसाने आधी तो क्रमांक तपासला असता.

दिल्लीतही फार वेगळे घडत नव्हते. २०१८ ते २०२४ या काळात निवडणूक रोख्यांतून राजकीय पक्षांना १६ हजार कोटी रुपयांहून अधिक मिळाले आणि कोणी कोणाला दिले, ते मतदाराला कळत नव्हते. कंपनीने नफ्याच्या साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त देणगी देऊ नये, ही मर्यादाही २०१७ मध्ये काढून टाकली होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. पैसा देणारा आणि निर्णय घेणारा यांच्यातले नाते जाणणे हा मतदाराचा हक्क आहे, हे त्या निकालाचे सार. तारापूरच्या खाडीलाही तेच लागू पडते.

माहिती मागण्याचे हत्यार महाराष्ट्राने देशाच्या आधी घडवले. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००३ मध्ये राज्याचा माहिती अधिकार कायदा लागू झाला आणि देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, नाही मिळाले तर प्रथम अपील आणि मग राज्य माहिती आयोग. या शेवटच्या पायरीवर कायदा अडकतो. महाराष्ट्रात आयोगाकडे तुंबलेली प्रकरणे लाखाच्या घरात आहेत आणि पालघरच्या माणसाला कोकण खंडपीठासाठी नवी मुंबई गाठावी लागते. माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड कायद्यात आहे. तो क्वचितच होतो. माहिती आयुक्तांच्या रिकाम्या जागा वेळेवर न भरणे हा माहिती अधिकार मारण्याचा सर्वांत शांत मार्ग आहे, आणि प्रत्येक सरकारने तो वापरला आहे.

म्हणून अपिलाची वाट न पाहता जे हाती आहे ते वापरावे. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना फायली पाहता येतात. ग्रामसभेत ग्रामपंचायतीचा जमाखर्च मांडणे बंधनकारक आहे. मुरबे, सातपाटी, शिरगाव इथल्या ग्रामसभांनी ठराव करून प्रदूषण मंडळाकडून तीन कागद मागावेत: नव्या केंद्रातून समुद्रात जाणाऱ्या पाण्याचे महिन्यागणिक नमुने, गेल्या तीन वर्षांत जप्त झालेल्या बँक हम्यांची यादी आणि त्या पैशांचा विनियोग. बंदराच्या अहवालातली मासेमारीची प्रकरणे गावच्या शाळेत मराठीत वाचून दाखवावीत. आलेली उत्तरे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत आणि न आलेली उत्तरे, मागितल्याच्या तारखेसह, त्याच फलकावर लिहून ठेवावीत.