जुन्या गाडीचा ब्रेक 'खाली' लागतोय? हँडब्रेकची केबल ओढण्याआधी हे वाचा

आजोबांची पद्मिनी किंवा काकांची ॲम्बेसेडर अंगणात उभी आहे. दिवाळीत ती काढायची आणि कारंजा किंवा रिसोडपर्यंत एक चक्कर मारायची, असा बेत ठरतो. गाडी सुरू होते, पण ब्रेक दाबला की पेडल पार खाली जातं. गॅरेजवाला हँडब्रेकची केबल ओढून देतो आणि म्हणतो, "झालं काम."

काम खरंच झालं का? बऱ्याचदा नाही.

आधी ड्रम ब्रेक समजून घेऊ

कुर्ल्यात बनणारी ही फियाट १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. तिच्या जुन्या मॉडेलला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने ते बाहेर फाकतात, ड्रमला घासतात आणि गाडी थांबते.

शूवरचं लायनर झिजलं की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. मग ते अंतर कापण्यातच पेडलची निम्मी चाल संपते. आजच्या बहुतेक गाड्यांत हे अंतर आपोआप जुळतं, जुन्या गाड्यांत ते हाताने जुळवावं लागतं.

दोष नेमका कुठे आहे?

पेडलच सांगतं.

- दोन-तीनदा दाबल्यावर पेडल वर आणि कडक येतं: शूचं अंतर वाढलंय, ॲडजस्टमेंट हवी.
- पेडल स्पंजसारखं मऊ लागतं: लाईनमध्ये हवा आहे.
- दाबून धरलं तरी हळूहळू खाली जातं: मास्टर सिलिंडर किंवा कुठेतरी गळती. अशी गाडी रस्त्यावर काढू नका.
- थोडं चालवल्यावर मागचं एकच चाक तापतं: शू जास्त आवळलाय किंवा हँडब्रेकची केबल अडकलीय.

केबल ओढली की काय बिघडतं?

हँडब्रेकची केबल मागचे शू ओढते. ती आधीच ताणून ठेवली की शू पूर्ण मागे येत नाहीत. हँडब्रेक घट्ट लागतो, आपल्याला बरं वाटतं. पण आत शू घासत राहतात, ड्रम तापतो आणि झिजलेलं लायनर लपून राहतं. म्हणून क्रम एकच: आधी शू, मग केबल.

योग्य पद्धत

१. सपाट जागा निवडा, पुढच्या चाकांना दगड किंवा लाकडी ओंडके लावा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक खाली, केबल सैल.

२. मागचं चाक जॅकने उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर भरवसा नको.

३. ड्रमच्या मागच्या प्लेटवरचा ॲडजस्टर (मॉडेलनुसार तो वेगळा असतो) चाक अडकेपर्यंत फिरवा. ब्रेक दोनदा दाबा म्हणजे शू मध्यावर बसतील. चाक पुन्हा सैल झालं तर परत आवळा.

४. आता चाक मोकळं फिरेपर्यंत ॲडजस्टर उलटा फिरवा. किंचित घासल्याचा आवाज चालेल. मागच्या चाकाला डिफरन्शियलचं थोडं जडपण असतंच, ते ब्रेक समजू नका.

५. दुसऱ्या चाकालाही हेच करा, मग शेवटी केबल जुळवा.

ॲडजस्टर संपेपर्यंत फिरवूनही चाक अडकत नसेल, तर लायनर संपलंय. ड्रम उघडावाच लागेल. उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा.

एवढी काळजी कशासाठी?

वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. त्या उष्णतेने ड्रम प्रसरण पावतो, अंतर आणखी वाढतं आणि पेडल आणखी खाली जातं. आता वाशिम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो आणि तिथे कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. गावातल्या रस्त्यावर सोयाबीनने भरलेला ट्रॅक्टर अचानक आडवा येतो. दोन्हीकडे शेवटी भिस्त त्या दोन शूंवरच.

म्हणून ॲडजस्टमेंटनंतर आधी रिकाम्या रस्त्यावर, अगदी सावकाश वेगात ब्रेक मारून बघा. गाडी सरळ थांबली, एका बाजूला ओढली नाही, तरच कुटुंबाला बसवा.