मोटारीची चाके व टायर यांतील फेरबदल : कायदा आणि विमा (विशेष संदर्भ : नंदुरबार जिल्हा)

प्रस्तावना

दि. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. 'एमएच ३९' क्रमांकाची वाहने येथे दोन अगदी भिन्न प्रकारच्या रस्त्यांवर धावतात. दक्षिणेस नवापूर तालुक्यातून जाणारा धुळे-सुरत महामार्ग आहे, तर उत्तरेस तोरणमाळ, धडगाव, मोलगी या सातपुड्यातील भागांकडे चढणारे घाटरस्ते आहेत. घाटात गाडीचा तळ दगडाला लागू नये म्हणून मोठे टायर, आणि शहरात गाडी उठून दिसावी म्हणून रुंद अलॉय व्हील, अशा दोन कारणांनी कंपनीची मूळ चाके बदलली जातात. या बदलाचा खर्च दुकानातील बिलापुरता असतो, असा सर्वसाधारण समज आहे. अपघातानंतर मात्र त्याचे कायदेशीर व आर्थिक परिणाम मालकापुढे उभे राहतात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार केला आहे.

टायरवरील आकड्यांचा अर्थ

'२१५/७५ आर १५' या मापात २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७५ हे रुंदीशी असलेले बाजूच्या उंचीचे शेकडा प्रमाण आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास होय. या टायरचा एकूण व्यास ७०३.५ मि.मी. येतो. त्याऐवजी '२३५/७५ आर १५' बसविल्यास तो ७३३.५ मि.मी. होतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. व्यास ३० मि.मी. वाढला तरी गाडी उंच होते ती त्याच्या निम्मी, म्हणजे दीड सेंटिमीटर. त्या दीड सेंटिमीटरसाठी स्पीडोमीटर मात्र मूळ स्थितीच्या तुलनेत सुमारे सव्वाचार टक्के मागे पडतो. काटा ८० दाखवीत असताना वेग ८३ च्या पुढे गेलेला असतो.

मापापुढे छापलेला भारनिर्देशांक याहून महत्त्वाचा असूनही तो क्वचितच पाहिला जातो. ९४ या निर्देशांकाचा टायर ६७० किलो भार पेलू शकतो, तर ८८ चा ५६० किलो. चार टायरांत हा फरक ४४० किलोंचा होतो. प्रवाशांनी भरलेली गाडी घाट उतरत असताना हा फरक निर्णायक ठरू शकतो. रिम मूळ जागेपेक्षा बाहेर काढल्यास बेअरिंग व स्टिअरिंगवरील ताण वाढतो, तो वेगळाच.

कायद्याची भूमिका

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकास करता येत नाही. केरळमधून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ ठामपणे मांडला आणि राज्याचे नियम मूळ कायद्यास छेद देऊ शकत नाहीत, हेही स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या स्वरूपात आले. त्यात नियमबाह्य फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवण्यात आली.

तथापि, खासगी मोटारीच्या प्रमाणपत्रात टायरच्या मापाचा रकाना सहसा नसतो. तो मालवाहू व इतर परिवहन वाहनांच्या बाबतीत असतो. त्यामुळे रिमचा प्रत्येक बदल कलम ५२ चा भंग ठरतोच, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु रकाना नाही म्हणून मुभा आहे, हा दुकानदारांचा युक्तिवादही टिकणारा नाही. वाहन सार्वजनिक ठिकाणी धोकादायक ठरत असल्यास कलम ५३ अन्वये त्याची नोंदणी निलंबित करता येते. कायदा केंद्रीय असल्याने फेरबदल सुरतेत केला किंवा नंदुरबारात, त्याने काही फरक पडत नाही.

विम्याचे दोन भाग

विम्याच्या बाबतीत मोठा गोंधळ आढळतो. 'टायर बदलले की विमा रद्द' हे विधान अर्धसत्य आहे. तृतीय पक्षाचा, म्हणजे रस्त्यावरील जखमी वा मृत व्यक्तीचा, विमा हा कायद्याने सक्तीचा असून कंपनीला त्यात मोजकेच बचाव उपलब्ध आहेत. टायरचे माप हा त्यांतील स्वतंत्र बचाव नाही. मात्र महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली, हा बचाव आहे. स्वर्णसिंग खटल्यात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने वाहन परवान्याच्या संदर्भात असे म्हटले की, अटीचा भंग कंपनीने सिद्ध केला पाहिजे आणि तो अपघातास कारणीभूत ठरण्याइतका मूलभूत असला पाहिजे. अशा प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीस आधी भरपाई देण्यास व नंतर ती मालकाकडून वसूल करण्यास सांगू शकते. पीडित कुटुंबाचे त्यामुळे रक्षण होते. पण वसुलीचा आदेश निघाल्यास मालकाच्या जमिनीवर वा घरावर बोजा येऊ शकतो.

स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा भाग हा निव्वळ करार असतो. वाहन सुस्थितीत ठेवण्याची अट त्यात असते. टायर-ट्यूबची नुकसानभरपाई वाहनालाही त्याच वेळी इजा झाली असेल तरच, आणि तीही प्रमाणित पॉलिसीत निम्म्या खर्चापर्यंतच मिळते. महागड्या अलॉय व्हीलची किंमत विमा उतरविताना दाखविलेली नसेल, तर ती मिळण्याची अपेक्षा धरणे व्यर्थ होय. सर्व्हेअरला बदललेले माप प्रथमदर्शनीच दिसते. अटीचा भंग झाला तरी दावा समूळ न फेटाळता 'नॉन-स्टँडर्ड' तत्त्वावर अंशतः मंजूर करण्याचा मार्ग अमलेंदू साहू प्रकरणात (२०१०) मान्य झाला आहे. ते प्रकरण खासगी गाडी भाड्याने वापरल्यासंबंधीचे होते. तरीही ग्राहक आयोगापुढे त्याचा आधार घेता येतो.

व्यवहारातील दक्षता

चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर किंवा मालक-पुस्तिकेत कंपनीने मान्य केलेली मापे दिलेली असतात. बहुधा वरच्या मॉडेलचे मोठे रिमही त्यांत असते. त्या मर्यादेत राहून केलेला बदल विमा कंपनीस लेखी कळवावा, पॉलिसीवर त्याची नोंद करून घ्यावी आणि जीएसटी बिल जपून ठेवावे. टायरवर आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे. नक्षीची खोली १.६ मि.मी. पेक्षा कमी झाल्यास मूळ मापाचा टायरही नियमबाह्य ठरतो.

जुनी गाडी घेणाऱ्याने अधिक सावध राहावे लागते. बदल पूर्वीच्या मालकाने केलेला असला तरी नोंदणी निलंबनाचा आणि दावा अडकण्याचा फटका नव्या मालकालाच बसतो. इसार देण्यापूर्वी दाराच्या खांबावरील माप आणि चारही टायरांवरील माप जुळवून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.