घरातल्या नळापासून सुखना तलावापर्यंत

सहावी ते आठवीच्या मुलांना घरी करायला दिला जाणारा पर्यावरण प्रकल्प म्हणजे आपल्या घरातली किंवा गल्लीतली एखादी गोष्ट काही दिवस सलग पाहायची, मोजायची, लिहून ठेवायची आणि त्या नोंदींतून काही शोधून काढायचे. भारतातल्या शाळांत या कामाला न्यायालयाच्या आदेशाचा आधार आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात सक्तीचा केला. आदेश कागदावरच राहतो आहे असे दिसल्यावर २००३ मध्ये न्यायालयाने एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेला इयत्तावार अभ्यासक्रम तयार करायला सांगितले. त्याआधीच, २००१-०२ पासून, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय हरित सेना योजनेतून शाळांमध्ये इको क्लब सुरू झाले होते.

प्रत्यक्षात मात्र हे काम अनेकदा फार वाईट रीतीने होते. उन्हाळ्याच्या सुटीचा गृहपाठ म्हणून ‘पर्यावरण वाचवा’ असा विषय मिळतो, स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोल, रंग आणि चार्ट पेपर येतो, आई-वडील रात्री जागून नदी-डोंगराची प्रतिकृती करतात आणि प्रदर्शन संपले की तो थर्माकोल कचऱ्यात जातो. थर्माकोल कुजत नाही. पर्यावरणाच्या नावाखाली मुलाने घरातला कचरा वाढवला आणि शोधले काहीच नाही, हे नुकसान मोठे आहे. चांगल्या प्रकल्पाला पैसे जवळजवळ लागत नाहीत. वही, मोजपट्टी, मापाचे भांडे, वजनकाटा आणि एक नेमका प्रश्न एवढे पुरते.

असा प्रश्न कसा असतो, याचे उत्तम उदाहरण चंदीगड शहरापाशी आहे. शिवालिकच्या टेकड्यांतून येणारा सुखना चो हा पावसाळी ओढा अडवून १९५८ मध्ये शहराच्या उत्तर कडेला सुखना तलाव बांधला गेला. थोड्याच वर्षांत तो गाळाने भरू लागला. गाळ उपसत राहणे हा एक मार्ग होता. केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या चंदीगड केंद्रातले पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी मात्र गाळ येतो कुठून हे पाहत ओढ्याच्या वरच्या अंगाला गेले. माग हरियाणातल्या सुखोमाजरी या छोट्या गावापर्यंत पोहोचला. तिथे गुरांच्या मोकाट चराईने टेकड्या उघड्या पडल्या होत्या आणि प्रत्येक पावसात माती वाहून जात होती. गावाला शेतीसाठी पाणी नव्हते म्हणून लोक गुरांवर अवलंबून होते, आणि गुरे होती म्हणून टेकड्या बोडक्या होत होत्या. १९७० च्या दशकात तिथे छोटे मातीचे बांध घातले गेले. त्यातल्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा मिळाला आणि गावाने आपणहून टेकड्यांवरची चराई थांबवली. तारेचे कुंपण लागले नाही. गवत वाढले, झाडे आली आणि तिथून वाहून येणारा गाळ फार कमी झाला. तलावातल्या गाळाचे उत्तर गावातल्या पाण्याच्या वाटणीत सापडले. बारा वर्षांच्या मुलाला एवढे मोठे काम करता येणार नाही, पण ‘हे कुठून येते?’ हा प्रश्न त्यालाही विचारता येतो.

घरात या प्रश्नाची सुरुवात पाण्यापासून करणे सोयीचे. गळक्या नळाखाली मापाचे भांडे दहा मिनिटे ठेवायचे, जमलेले पाणी मोजायचे आणि त्याला १४४ ने गुणायचे, कारण दिवसात दहा मिनिटे १४४ वेळा येतात. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब सोडतो; साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर हे चार लिटरांहून अधिक पाणी झाले. आरओ यंत्राच्या नळीतून वाहून जाणारे पाणी बादलीत धरले की आणखी आश्चर्य वाटते. अनेक यंत्रांत एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर जाते आणि ते फरशी पुसायला चालते. चंदीगडच्या मे-जूनमध्ये खिडकीतला कूलर हा तर आयता प्रकल्प आहे. रोज सकाळी त्यात किती लिटर घालावे लागते आणि त्या दिवशीचे कमाल तापमान किती होते, या दोन रकान्यांच्या तक्त्यातून बाष्पीभवन पुस्तकापेक्षा नीट समजते. कोरड्या, तापलेल्या दिवशी पाणी भराभर संपते. पावसाळी दमट हवेत कमी लागते आणि कूलरही नीट गार करत नाही. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून कूलर आठवड्यातून एकदा रिकामा करून कोरडा करायचा असतो, ही नोंदही त्याच तक्त्यात यावी.

कचऱ्याचा प्रकल्प आठवडाभराचा ठेवला तरी चालतो. ओला आणि सुका कचरा वेगळा करून रोज वजन करायचे आणि सुक्या कचऱ्यातली वेष्टने कोणत्या पदार्थांची आहेत ते लिहायचे. पुढे ओल्या कचऱ्याचे खत करता येते. भोके पाडलेली जुनी बादली किंवा माठ घ्यायचा, भाजीच्या देठा-सालांच्या प्रत्येक थरावर वाळक्या पानांचा जाड थर द्यायचा आणि दर तीन-चार दिवसांनी ढवळायचे. वास सुटला तर ओल जास्त झाली, पाने वाढवायची. काहीच घडत नसेल तर थोडे पाणी शिंपडायचे. चंदीगडला पानांची टंचाई नाही. या शहराचे वृक्षारोपण एम. एस. रंधावा यांच्या मार्गदर्शनाखाली ठरवून झाले आणि पानगळीत रस्त्यांच्या कडेला पानांचे ढीग पडतात. ते जाळण्याऐवजी बादलीत गेले तर धूरही टळतो. जानेवारीत मात्र रात्री कडाक्याची थंडी पडते, जिवाणूंचे काम मंदावते आणि खत व्हायला बराच जास्त काळ लागतो. दोन ऋतूंत दोन बादल्या लावून हा फरक दाखवणारा विद्यार्थी खरा प्रयोग करतो.

हवेसाठी पांढऱ्या कार्डावर व्हॅसलीन फासून ते खिडकीबाहेर ठेवण्याची पद्धत रूढ आहे. त्यावर चिकटते ती जाड धूळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उत्तर भारताला छळणारे, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे कार्ड स्वच्छ दिसले म्हणून हवा स्वच्छ ठरत नाही. ही मर्यादा शिक्षकांनी आधीच सांगावी.

सर्वांत सोपा आणि सर्वांत लांब चालणारा प्रकल्प झाडाचा. घरासमोरचे एक झाड वर्षभर, आठवड्यातून एकदा पाहायचे: कोवळी पाने, कळ्या, फुले, फळे, पक्षी. बहावा कधी फुलला, पिलखन झाडाची फळे खायला कोण आले, एवढे जरी लिहिले तरी वही भरते. चंदीगडचा राज्यपक्षी राखी धनेश अशा फळझाडांवर सहज दिसतो. ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात शाळकरी मुलांच्या अशा नोंदी जमा होतात, त्यामुळे चंदीगडशेजारच्या मोहालीतल्या आणि साताऱ्यातल्या आंब्याच्या मोहोराची तुलना करता येते.

अहवाल चार-पाच पानांचा पुरे: प्रश्न, मोजण्याची रीत, तक्ता, निष्कर्ष आणि काय जमले नाही. हा शेवटचा भाग मुले लपवतात, कारण गुण जातील अशी भीती असते. बुडालेला दिवस कोरा सोडणाऱ्या मुलाला, अंदाजाने आकडा भरणाऱ्यापेक्षा अधिक गुण मिळायला हवेत. सजावटीला गुण ठेवलेच तर अगदी थोडे.

वर्गात आकडे एकत्र करताना काळजी लागते. चंदीगडच्या उत्तरेकडच्या सेक्टरांत हिरवळीचे मोठे बंगले आहेत, दक्षिणेकडे दाट वस्तीचे फ्लॅट आणि पुनर्वसन वसाहती. दोन्हीकडची मुले अनेकदा एकाच वर्गात बसतात. एका घराची हिरवळ जेवढे पाणी पिते तेवढ्यात दुसऱ्या घराचा सगळा दिवस भागतो. म्हणून आकडे नावांशिवाय फळ्यावर मांडावेत आणि घरातल्या माणसांच्या संख्येने भागून माणशी वापर काढावा. त्यातून दिसणारी तफावत लपवू नये. सातवीतल्या मुलांना ती समजते आणि तिच्यावर ती मोकळेपणाने बोलतात.