पाचाचं नाणं काळं का पडतं?

हॉस्टेलबाहेरच्या टपरीवर काळपट नाणं दिलं की उत्तर ठरलेलं : "हे नकली आहे, दुसरं द्या." मग ते नाणं कुणाच्या तरी गळ्यात मारायचं. पण मित्रांनो, नाण्याचा रंग बदलला म्हणजे ते खोटं झालं असं थोडंच आहे?

आधी धातू बघा. सध्याची एक-दोन रुपयांची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची, म्हणजे ८३ टक्के लोखंड, १७ टक्के क्रोमियम. ती लोहचुंबकाला चिकटतात आणि सहसा चकचकीत राहतात. पिवळं पाचाचं नाणं निकेल-ब्रासचं : ७५ टक्के तांबं, २० टक्के जस्त, ५ टक्के निकेल. एवढं तांबं असल्यावर ते रंग बदलणारच, आजीच्या तांब्याच्या कळशीसारखं!

नाणं सगळीकडे सारखं तपकिरी झालं असेल तर तो हाताचा घाम आणि हवेने आलेला ऑक्साइडचा थर. चिंचेच्या कोळाने तो निघतो. हिरवट डाग असतील तर ओल आणि मीठ दोन्ही लागलंय. गुलाबी ठिपके मात्र चिंचेने जात नाहीत, कारण तो मळ नाहीच. आंबट किंवा खारट पाण्यात जस्त विरघळून जातं आणि मागे नुसतं तांबं उरतं.

खरी गंमत काळ्या रंगाची. तो गंधकाचा प्रताप. रबरबँडमध्ये गंधक असतं, म्हणून रबर गुंडाळलेल्या नाण्यांवर काळे पट्टे उठतात. नदीत टाकलेल्या नाण्यांचं तर विचारूच नका. तळाच्या चिखलात ऑक्सिजन नसतो, तिथले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि तांब्यावर सल्फाइडचा काळाकुट्ट थर बसतो. घाटावरची पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढतात. पाचाचं त्याला लागतच नाही, त्यासाठी बुडी मारावी लागते. एवढं करून ते दुकानदाराने परत करायचं, हे मला तरी पटत नाही.

कॉइनेज अॅक्ट, २०११ प्रमाणे नाणं विद्रूप केलेलं नसेल आणि ठरलेल्यापेक्षा झिजून हलकं झालं नसेल तर ते कायदेशीर चलन आहे. रंगाची अट नाही. तरी शंका असेल तर वजन करा : निकेल-ब्रासचं पाचाचं नाणं २०१९ च्या मालिकेआधीचं असेल तर ६ ग्रॅमचं, त्या मालिकेतलं असेल तर ६.७४ ग्रॅमचं असतं. केमिस्ट्री लॅबमधला काटा दुपारी रिकामाच असतो!