आईचा ताण, बाळाची वाढ

हिंदमाताला पाणी तुंबले, की परळच्या वाडिया प्रसूतिगृहात तपासणीला निघालेल्या गर्भवतीचा जीव टांगणीला लागतो. असा तासाभराचा ताण बाळाला सहसा बाधत नाही. आईच्या रक्तातील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा बराचसा भाग वार निष्प्रभ करते. चिंता आठवडेच्या आठवडे टिकली, तर मात्र हे कवच अपुरे पडू शकते. पहिल्या १२ आठवड्यांत तर बाळाचे अवयव आकार घेत असतात. कॅनडातील १९९८च्या हिमवादळात ज्या गर्भवतींनी जास्त हाल सोसले, त्यांच्या मुलांचा भाषाविकास तुलनेने कमी आढळला. प्रत्येक बाळाचे असेच होते असे नव्हे. झोप उडाली, रडू आवरेना, तर डॉक्टरांना सांगावे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांकही आहे. घरच्यांनी नुसते ‘आनंदी राहा’ न म्हणता तिची कामे वाटून घ्यावीत.