गोळीबाराला कोड्याची जोड
रावेतमधल्या शूटरप्रेमींनो, 'हाफ-लाइफ २' (२००४) खेळला नसेल तर जरूर खेळा. एका ठिकाणी वर जायला वाटच नसते. सीसॉसारख्या फळीच्या एका टोकावर सिमेंटचे ठोकळे रचायचे, दुसरं टोक उचललं गेलं की त्यावरून चढायचं. बंदूक बाजूला, डोकं चालू!

पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' (२०२०) शूटर नाही, पण कोडं आणि गोष्ट एकजीव कशी होते, ते तिथे बघा. चकत्या फिरवून चित्र जुळवलं की असुरांनी पळवलेल्या गोलूच्या, म्हणजे नायिका राजीच्या धाकट्या भावाच्या, आठवणी उलगडतात. मग पुढची प्रत्येक लढाई त्याच्यासाठी होते.

सुपरगेमिंगचा 'मास्कगन' हा फर्स्ट पर्सन शूटरही पुण्याचाच, मात्र त्यात भर मल्टिप्लेअर चकमकींवर. अशी गोष्ट असलेला शूटर इथेच बनावा, ही मनापासून इच्छा!